एकाहत्तर वर्षांची बॅचलर

दौलतगंज, लष्कर,
ग्वाल्हेर

चि. शंतनु यास सुमनआत्याचे आशीर्वाद.

तुमच्याकडून परत येऊन आज नऊ दिवस झाले. सुखरूप पोचले की नाही हे तू विचारलं नाहीस, म्हणून मीच कळवते: पोचले. तुझी, प्रांजलीची आणि तुमच्या कुत्र्याची तब्येत बरी असेल असं धरून चालते. (कुत्र्याची तर असणारच, त्याचा डॉक्टर घरी येतो.)

तू केलेला तक्ता समोर ठेवून लिहिते आहे. डावीकडे ग्वाल्हेर, उजवीकडे पुणे. भाडं तिप्पट, कामवाली दुप्पट, भाजी दीडपट, आणि खाली जाड अक्षरांत निष्कर्ष: आत्याच्या पेन्शनीत पुणं बसतं, शिवाय आपली माणसं जवळ. हिसाब मी दोनदा तपासला (आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी पट्टी मारून शिकवलेलं गणित आहे माझं), चूक सापडली नाही. फक्त आमचा दूधवाला त्यात कुठल्याच रकान्यात नव्हता. रोज सकाळी सहाला तो दार बडवून ओरडायचा, "बुआजी, हो कि गईं?" असं विचारणं किती असभ्य आहे, यावर मी त्याला पुष्कळ ऐकवलं. जानेवारीत न्हाणीघरात पडले, तेव्हा उत्तर आलं नाही म्हणून त्यानंच कडी तोडली. आता त्यानं म्हशी विकल्या. दाराला दुधाची पिशवी लटकलेली असते, आणि पिशवी काही विचारत नाही. म्हणून निघाले होते मी. हवापालटाला नव्हे.

पुण्यात तू दाखवलेल्या पहिल्या घराच्या मालकिणीला माझं सगळं पसंत पडलं. मांसमच्छी नाही, पार्ट्या नाहीत, पेन्शन सरकारी. मग म्हणाली, "सोबत कोण?" म्हटलं, कोणी नाही. तर म्हणे, "आमच्या सोसायटीत बॅचलर चालत नाहीत हो." एकाहत्तराव्या वर्षी! मी फक्त एवढंच विचारलं, की मी कोणाला घरी घेऊन येईन अशी भीती वाटते तुम्हाला? तर तुझेच कान लाल. "आत्या, प्लीज!" दुसऱ्या मालकानं माझ्या तोंडून 'मकान' आणि 'किराया' ऐकले आणि लगेच माझ्याशी हिंदीत सुरू झाला. (ती हिंदी आमच्या इथल्या मुरार बाजारातल्या भाजीवालीनं ऐकली असती तर तिनं त्याला शिकवणी लावून दिली असती.) त्याला म्हटलं, आम्ही घरात सात पिढ्या मराठीच बोलतो. तर म्हणाला, "अरे वा, जमतं की तुम्हाला!"

तिसरा मालक सज्जन. त्यानं एक फॉर्म पुढे केला. भाडेकरू वृद्ध आणि एकटा असेल, तर 'काही झाल्यास अर्ध्या तासात येऊन जबाबदारी घेणारी व्यक्ती', तिचं नाव आणि सही. मी पेन तुझ्याकडे सरकवलं. तू फोनकडे पाहिलंस (वाजला नव्हता) आणि म्हणालास, "आम्ही खूप ट्रॅव्हल करतो ना, आत्या. प्रांजलीशी बोलून सांगतो." त्या भल्या माणसानं माझ्यासाठी पाणी मागवलं. मी ते सगळं प्यायले, कारण तेवढा वेळ तरी कोणाशी बोलावं लागलं नाही.

तर तुझं पुणं तुला लखलाभ. लिफ्टमध्ये आठ माणसं उभी राहतात आणि आठही जण छताकडे बघतात, असल्या गावी राहून मी करणार काय? मी इथेच बरी. मला कोणाची गरज लागत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

प्रांजलीला आशीर्वाद.

तुझी,
सुमनआत्या

ता. क. तो तिसरा मालक वीस तारखेपर्यंत घर राखून ठेवतो म्हणाला. मी फोन केला नव्हता. त्यानंच केला, मी नीट पोचले का ते विचारायला.

ता. क. २. फॉर्म सोबत जोडला आहे. तुझं नाव मी पेन्सिलीनं लिहिलंय, खोडता येईल. 'अर्ध्या तासात' हे शब्द मात्र त्या मालकाला फोनवरच विचारून खोडले आणि तिथे 'सवडीनं' असं घातलं. मला काही घाई नसेल.