स्पीकरचा रियाज

३ तारीख, सोमवार
माझा अँप, म्हणजे अँप्लिफायर, फरफरायला लागला. हा अँप माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, खास हार्मोनिकासाठी, म्हणजे माझ्या माउथ ऑर्गनसाठी बनवलेला, ब्लूज हे अमेरिकन संगीत वाजवणाऱ्यांचा जीव की प्राण. दुरुस्तीवाल्या काकांनी स्पीकरच्या कागदी पडद्यातून बोट आरपार घालून दाखवलं. म्हणाले, हा निदान दहा वर्षं फाटलेला असणार. हुश्श! म्हणजे दहा वर्षं मी बेसूर नव्हतोच. बायकोला ताबडतोब सांगितलं. ती नुसतं बरं म्हणाली.
निश्चय: दोन दिवसांत नवा स्पीकर.

६ तारीख
अभ्यास चालू आहे. इंटरनेटवर हार्मोनिकावाल्यांचा एक कट्टा सापडला. आठ इंची की दहा इंची यावर तिथे सहा वर्षं भांडण चाललंय. त्यातलं कोणी कुठे वाजवत असेल असं वाटत नाही. दर्जेदार माणसं.
बायको म्हणते, बाथरूमचा नळ तीन महिने गळतोय, त्याचा एवढा अभ्यास केला असतास तर! विषयाचं गांभीर्यच नाही.
संध्याकाळी साडूभाऊंचा फोन. ते आमच्या बँडचे गिटारवाले आणि स्वयंघोषित प्रमुख. बावीसला वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम. मला एकट्याने वाजवायचा एकच सोलो, तोही पाऊण मिनिटाचा. या वेळी घसरलास तर पुढे सॅक्सोफोनवाला घेऊ, असं अगदी गोड आवाजात म्हणाले. मी स्पीकरचं सांगितलं. म्हणाले, हो का.
बँड सुटला तर तालमीच्या मंगळवारी संध्याकाळी करायचं काय? जाऊ दे. ती वेळच येणार नाही.

९ तारीख
दहा इंची आणला. बसेना. अँपच्या खोक्याचं भोक आठ इंची निघालं. नोकरीत मी लोकांची वजनमापं तपासतो, त्यामुळे माझी चूक शक्य नाही. जुन्या कारागिरांना मापाची शिस्त नव्हती.

११ तारीख
आठ इंची बसला. काकांनी बसवला, मी टॉर्च धरला. आवाज इतका स्वच्छ की माझी एकेक चूक ऐकू येते. भिकार स्पीकर!
कट्ट्यावर तक्रार केली. उत्तर आलं, नवा पडदा कडक असतो, चाळीस तास वाजवून मऊ करावा लागतो. याला स्पीकर पिकवणं म्हणतात.

१२ तारीख
चाळीस तास फुंकायचं म्हणजे फुप्फुसं हातात येतील. म्हणून डोकं चालवलं. सोलो एकदाच रेकॉर्ड केला आणि तोच पुन्हापुन्हा अँपमधून सोडला. अँप कपाटात, दोन रजयांच्या मध्ये. रेकॉर्डिंगमध्ये एके ठिकाणी अडखळलोय आणि लगेच खोकलोय. पुन्हा करायचा कंटाळा आला. स्पीकरला काय कळतंय!
रियाज तो करतोय, आराम मी. इतकी वर्षं हे सुचलं कसं नाही?

१४ तारीख
अकरा तास झाले. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका वर आल्या आणि काळजीने विचारू लागल्या, घरात कोणाला दमा आहे का. रजया बहुतेक पातळ आहेत.

१६ तारीख, रविवार
सव्वीस तास. आई भाजी निवडता निवडता माझा सोलो गुणगुणत होती. उभ्या जन्मात आईने माझं संगीत कधी मनावर घेतलं नव्हतं. मग ती नेमक्या जागी अडखळली आणि खोकली.
दुपारी लिफ्टपाशी दोन शेजारी तेच गुणगुणताना दिसले. खोकल्यासकट. लोकप्रियता म्हणतात ती हीच. सगळ्या बिल्डिंगला कार्यक्रमाचं आमंत्रण देऊन टाकलं.

१८ तारीख, मंगळवार
चाळीस तास पूर्ण. स्पीकर पिकला. तालमीला घेऊन गेलो आणि त्याच जागी अडखळलो. स्पीकरने चूक पाठ केली, दुसरं काय!
सॅक्सोफोनवाला सहज म्हणून आला होता. सॅक्सोफोन घेऊन सहज कोण येतं?
निश्चय: उद्यापासून रोज चार तास. स्वतः.

१९ तारीख
ओठ कोरडे.

२० तारीख
ओठांना विश्रांती.

२१ तारीख, शुक्रवार
खरं लिहितो, इथे कोण वाचतंय? घाबरलोय. मला बँडमध्ये राहायचंय. बाकी मला काही येत नाही आणि हेही येत नाही.
रजा टाकली आणि सात तास वाजवलं. शेवटच्या अकरा वेळा बिनचूक. बायको दारात उभी राहून ऐकत होती. नळाचं नावही काढलं नाही.

२३ तारीख, रविवार, सकाळी
काल पहिल्या चार रांगांत आमची बिल्डिंग. आई मधोमध. अँप काय बोलत होता, वा! मी डोळे मिटून वाजवत गेलो. अडखळायची जागा आली आणि मी अडखळलो नाही. लोकांसमोर पहिल्यांदाच.
त्याच क्षणी चार रांगा एकसाथ खोकल्या.
हॉल हसून लोळायचा बाकी होता. टाळ्या थांबेनात. उरलेला सोलो मी बिनचूक वाजवला, पण तो कोणालाही ऐकू गेला नाही. मुख्याध्यापिका येऊन म्हणाल्या, सगळं छान, फक्त तेवढ्या एका जागी तुम्ही चुकलात.
साडूभाऊंनी आत्ताच फोन केला होता. पुढच्या महिन्यापासून सोलो सॅक्सोफोनवाला वाजवणार. पण खोकल्यावर लोक खूश आहेत, तर माइकवर तेवढं खोकायला येशील का, म्हणाले. तालीम मंगळवारीच.
हो म्हटलं.
खोकल्यासाठी आठ इंची पुरेल का, असं कट्ट्यावर विचारलंय. एकाचं मत पडलं, दहा इंची बरा.