थोरलीच्या नावाचं झुडूप

६ फेब्रुवारी
पुन्हा तेच! शोधपत्रिकेचा अंक आला. झाड मी शोधलं, गुडघे माझे सोलवटले, चित्रं मी काढली — आणि लेखावर पहिलं नाव थोरल्या जाऊबाईंचं. त्या वनस्पती-संग्रहालयाच्या प्रमुख, मी हाताखाली. घरात धाकटी, कामावरही धाकटीच.
"अगं, पहिलं काय नि दुसरं काय, आडनाव एकच ना!" म्हणे.
एकटीच्या नावावर एकही लेख नाही, म्हणून माझी नोकरी अजून कच्ची. जूनच्या आत लेख मंजूर झाला नाही तर तीही जाणार.

१९ फेब्रुवारी
सापडलं! ओढ्याच्या वरच्या अंगाला, खडकाच्या फटीत. कुठल्याच ग्रंथात नाही. जांभळट फूल, केसाळ पान आणि वास — देवा! ड्रायव्हरनं सगळ्या काचा खाली केल्या आणि घरापर्यंत माझ्याशी शब्द बोलला नाही.
थोरलीला सांगितलं नाही. मेले तरी सांगणार नाही.

२० फेब्रुवारी
शास्त्रीय नाव दोन शब्दांचं. पहिला ठरलेला, दुसरा शोधणाऱ्यानं द्यायचा. स्वतःचं नाव देणं आमच्यात असभ्य. दुसऱ्याचं द्यायचं, मान म्हणून. एकदा छापलं की जगभर तेच, कुणाला खोडता येत नाही.
जाऊबाई, हा मान तुमचाच!

२७ फेब्रुवारी
तीन वस्त्या, तीन भाषा, तीन नावं. एकीकडे त्याला म्हणतात 'मेला उंदीर'. दुसरीकडे 'पाहुणे पळव'. तिसऱ्या भाषेतल्या नावाचा अर्थ विचारला तर म्हातारा लाजला — 'सासूचा श्वास'!
फांदी पिशवीत घालताना त्याची बायको म्हणाली, "घरी नेताय? कुणाशी भांडण झालंय का?"
परतीच्या वाटेवर एकटीच हसत होते.

४ मार्च
लेख रवाना, फांद्याही सोबत. लोकांतली नावं द्यावीच लागतात, ती दिली. अर्थापुढे ठोकून दिलं — 'अनिश्चित'. संपादकाला संशय नको. अर्पणाचं वाक्य तुपात घोळवलं: 'ज्यांचं अस्तित्व दुरूनही जाणवतं, त्यांना.'
नवऱ्यानं वाचलं. चष्मा पुसला.
"वहिनी मूर्ख नाहीये."
"मी आहे का?"
चष्मा लावून बाहेर निघून गेला. भावजयीची कड घेणारा!

१५ मार्च
थोरलीनं आज सगळ्यांदेखत सुनावलं, "वाळलेल्या फांद्या कागदावर डकवायला चिकटपट्टी लावायलासुद्धा डोकं लागतं, धाकटे." बोला, जाऊबाई. बोलून घ्या.

८ एप्रिल
मंजूर!! परीक्षक कोण ते कळवत नाहीत, पण शेरा आला — 'जात निर्विवाद नवी. नाव नियमात बसते. तिन्ही लोकनावांचे अर्थ निश्चित आहेत. लेखिकेने आळस सोडून लिहावेत.' खवट आहे मेला! पण नोकरी पक्की. अर्थ लिहून टाकते.

९ एप्रिल
थोरली टेबलापाशी आली. दार लोटून घेतलं.
"वास सुकल्यावरही जात नाही, तेवढं घाल. नाहीतर लोक म्हणतील, परीक्षकानं झाड हुंगलंच नाही."
शेऱ्याचा कागद मी हातानं झाकला. "तुम्ही... नापास का नाही केलंत?"
"तुला केलं असतं. आनंदानं केलं असतं. पण झाड नवं आहे, धाकटे."