विहिरीकडचा तुकडा

गिरीज, वसई
१८ मार्च १९८३

प्रिय पॉलदादा,
सा. न. वि. वि.

आई टेपचं एक टोक धरून उभी आहे आणि दुसरं टोक खरेदीदाराचा माणूस केळींमधून ओढत नेतो आहे. मी ओट्यावर बसून लिहिते आहे. विहिरीकडचा तुकडा विकायचं आईने ठरवलं. रस्त्याकडचा विक, त्यात पाणी नाही, असं सांगून सगळे थकले.

कारण मी आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मला प्रवेश मिळाला. पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, विषय कथालेखन. निम्मी फी माफ, उरलेली आपण भरायची. एप्रिलच्या मध्यापर्यंत कळवायचं आहे. बर्थामावशी म्हणते, लिहायला तर ही पहिलीतच शिकली, आता पुन्हा पैसे कशाला? मी शिकवते त्या शाळेत मोठ्या बाईंनी विचारलं, परत आल्यावर पगार वाढेल का. वाढणार नाही.

सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे. मुखत्यारपत्र लागेल. तू नाही म्हणालास तर मी राहीन.

माया आहे तशी राहू दे.

तुझी,
डेल्फिन


बहारीन
२ एप्रिल १९८३

चि. डेल्फिन,
अ. उ. आ.

पत्र गोदीत मिळालं. शेजारच्या खाटेवरच्या सोबत्याला सांगितलं, बहीण गोष्टी लिहायला अमेरिकेला चालली. त्याने विचारलं, त्यांच्याकडच्या संपल्या का?

मुखत्यारपत्र वकिलातीतून करून घेतो. पण आईला सांग, विहीर जाऊ देऊ नको. फी मी पगारातून भरीन.

एक मागणं आहे. तू त्यांना कोणती गोष्ट पाठवलीस? पैसे भरणाऱ्याला वाचायला तरी मिळावी. इंग्रजी असली तर असू दे, डिक्शनरी आहे.

आईला जप. आठवण ठेव.

तुझा,
पॉल


गिरीज
१२ एप्रिल १९८३

प्रिय पॉलदादा,
सा. न. वि. वि.

गोष्टीची प्रत सोबत आहे. वाचण्याआधी सांगते, ती बाबा गेले त्या दिवसाची आहे. नावं बदलली आहेत.

त्या सकाळी मी रहाटामागे होते, हे तुला माहीत नाही. अकरा वर्षांची होते. बाबांच्या चपला काठावर शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या होत्या. पाय घसरलेला माणूस चपला काढून ठेवत नाही. तू आलास, एक पाण्यात टाकलीस, दुसरी चिखलात फेकलीस. मी पळून गेले. तू फादरांना सांगितलंस, पाय घसरला. म्हणून बाबांना चर्चच्या आवारात पुरता आलं; जीव दिलेल्याला तिथे जागा नसते.

आईला यातलं काही ठाऊक नाही. ती दर वर्षी चर्चमध्ये बाबांसाठी प्रार्थनेची मिस्सा ठेवते आणि शेवाळाला दोष देते. गोष्ट तिथेच संपते. शेवट फार चांगला आहे, असं विद्यापीठाने कळवलं.

विहिरीचं आई ऐकत नाही. मी मुदत महिनाभर वाढवून घेतली आहे. तुझ्या उत्तरापर्यंत थांबते.

रागावलास तरी लिही.

तुझी,
डेल्फिन


बहारीन
२७ एप्रिल १९८३

चि. डेल्फिन,
अ. उ. आ.

दोनदा वाचली. दुसऱ्यांदा डिक्शनरी लागली नाही.

शेवट चुकला आहे. मी पोचलो तेव्हा आई विहिरीतच होती. खालच्या पायरीवर, कमरेएवढ्या पाण्यात, बाबांचा सदरा धरून. तू होतीस तिथून ती दिसत नाही. तिने वर पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं, चपला टाक. फादरांना काय सांगायचं तेही तिनेच शिकवलं. मी चौदाचा होतो, तसंच बोललो. फादरांपुढे पापं कबूल करताना हे कधी बोललो नाही, म्हणून तेव्हापासून मिस्सेत कम्युनियनची पवित्र भाकरही घेतलेली नाही. इथे कोणी विचारत नाही. इथे बरं आहे.

मुखत्यारपत्र सोबत आहे. पैसे देईन. गोष्ट जाळ असं म्हणणार नाही. पण आई हयात असताना ती वसईत पोचली, तर बाबांच्या कबरीशेजारून आईने मान वर करून कसं चालायचं, तेही लिहून ठेव.

तुझा,
पॉल


गिरीज
१० मे १९८३

प्रिय पॉलदादा,
सा. न. वि. वि.

पत्र शुक्रवारी आलं. आई वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी पानात बांधत होती. तिने विचारलं, पॉल काय म्हणतो? सही पाठवली, मी म्हणाले. आणखी काय, तिने विचारलं. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं. तिचे हात थांबले नाहीत.

मग म्हणाली, खरेदीदाराला तिने एकच अट घातली आहे. इमारत केव्हाही बांध, विहीर आधी बुजव. अठरा वर्षं आपण तेच पाणी प्यालो, दादा.

मी सांगितलं, मी जाणार नाही. ज्या गोष्टीवर जागा मिळाली, तीच चुकीची आहे. तिने विचारलं, पाणी किती खोल लिहिलंस? दोन पुरुष, मी म्हणाले. तीन होतं, ती म्हणाली. एवढंही नीट लिहिता येत नाही, म्हणूनच शिकायला जायचं.

काल तिने खरेदीखतावर सही केली. उद्या माती टाकायला येणार आहेत. पाकीट तोवर उघडंच ठेवते.

आम्हा दोघींवर तुझी माया असू दे.

तुझी,
डेल्फिन

ता. क. ११ मे. सात वाजता पहिला ट्रक आला. आई काठापासून दहा हातांवर उभी राहिली. पाणी दिसेनासं झालं तेव्हा ती घरी न येता चर्चकडे चालू लागली. मी पोस्टात गेले आणि होकाराची तार केली.