पायाच्या डॉक्टरचा पत्ता

१२ सप्टेंबर २०१६
चपलेत खिळा निघाला होता. तालुक्याला, गोरेगावच्या बाजारात दिवसभर हिंडलो, कळलंच नाही. घरी आलो तर भूमेश्वरी वहिनी — "आत्ताच सारवलं आंगण, काऊन रगत सांडून राहिला?"
उजव्या अंगठ्याखाली भोक. दुखत काहीच नाही. ओमेश्वरभाऊ म्हणे, "दुखत नाही त बोंबलतं कायले?"
मी बोंबलत नव्हतोच.

१९ सप्टेंबर
भोक वाढलं. वास येतो.
राशन कार्डावर सरकारी योजनेत इलाज फुकट होतो म्हणतात. वहिनीला कार्ड मागितलं. "वर्षातले दहा महिने गावोगाव हिंडते, अन् कार्ड याले पाह्यजे!" शेवटी रवितानं पेटीतून काढून गुपचूप आणून दिलं. भावाची पोर, सहा वर्षांची. मी घरी असलो की माझ्या पाठीवरच असते. म्हणे, "काका, पाय बरा कर, मंग मले बाजारात ने."

२२ सप्टेंबर, गोंदिया
तीन दवाखाने. सगळीकडं एकच विचारलं — पायाचा डॉक्टर कुठं बसतो?
पहिल्या काउंटरवरची पोरगी, "पैर का अलग डॉक्टर नहीं होता भैया. सिर्फ पैर लेके आये हो क्या?" मागची सगळी लाइन हसली. मी पण हसलो.
दुसऱ्या ठिकाणी योजनाच नाही.
तिसऱ्या ठिकाणी हाडाचा डॉक्टर भेटला. कार्ड पाहिलं, पाय दुरूनच पाहिला. "ड्रेसिंग योजना में नहीं बैठती. अंगूठा काट दें तो बैठती है."
"काटना जरूरी है क्या, साब?"
"जरूरी तो नहीं. फ्री है."
अंगठा घेऊन बाहेर आलो.

२३ सप्टेंबर
एसटीतून गोरेगावला उतरायचं होतं. उतरलोच नाही. घरी जाऊन सांगणार काय? सडक अर्जुनीच्या ढाब्यावर मुन्नालाल भेटला, जुन्या ओळखीचा ट्रकवाला. "चल बे रायपुर." चाललो.

३ ऑक्टोबर
दहा दिवस गेले. ताडपत्र्या बांधल्या, पाय फडक्यात गुंडाळून. रायपूरला एक माणूस कबुतरं विकत होता, पिसाऱ्याच्या शेपटीची, पांढरीशुभ्र. अर्धा दिवस तिथंच बसलो. डॉक्टर शोधायचा राहिला.
आज सकाळी उठलो तर पायाच्या करंगळीचं टोक नाही. उंदरानं खाल्लं. जाग सुद्धा आली नाही! मुन्नालालनं पाहिलं, मग तोंड फिरवलं. "तेरा पाँव है कि लकड़ी?" दुपारी त्यानंच मला परतीच्या गाडीत बसवून दिलं. हात न लावता.

७ ऑक्टोबर
गावची आशा सेविका रुख्माबाई घरोघरी तपासणी करत आली. वहिनी शेतात होती. मी पाय दाखवला. हातावर एक फिकट चट्टा आहे, तो पण तिनंच शोधला.
"डोळे मीट. पेनानं टोचतो. टोचलं का सांगजो."
डोळे मिटून बसलो. बसलोच. म्हटलं, "टोचा ना आता."
डोळे उघडले. तळव्यावर शाईचे चार ठिपके.
म्हणे, "मले त कुष्ठरोग वाटते. गोरेगावले सरकारी दवाखान्यात जा. गोळ्या फुकट. कार्ड-बिर्ड काही लागत नाही."
जाता जाता दारात थांबली. "मांगच्या साली बी आली होती मी. तुयी वहिनी म्हणे, आमच्या घरी तसलं कोणी नाही. कोणाले पाहूच नाही देल्लं."

८ ऑक्टोबर
दवाखान्यात पक्कं झालं. गोळ्यांचं पाकीट दिलं. बाई म्हणाल्या, वर्षभर खायच्या, बरा होतो. गेलेलं बोट येत नाही.
घरी आलो तर माझं ताट, चादर बैलांच्या कोठ्यात. "गोळ्या चालू आहेत, आता लागत नाही कोणाला," म्हटलं. भाऊ म्हणे, "गावाले समजलं त रविताले कोण करन? दसरा झाला का निंघ."
सहा वर्षांची पोर. भाऊ तिच्या लग्नावर पोचला.

११ ऑक्टोबर, दसरा
कोठ्यात सोनं द्यायला रविता एकटीच आली. आपट्याची दोन पानं. नवा फ्रॉक, मागचं बटण तुटलेलं. बटणाच्या जागी पाठीवर फिकट चट्टा, माझ्या हातावर आहे तसा.
म्हटलं, "डोळे मीट, गंमत दाखवतो." हाच पेन घेतला, चट्ट्यावर टोचला.
ती डोळे मिटून हसत उभी.
"काका, दाखव ना. काऊन थांबला?"