अर्धी दाढी

बालाघाट

प्रिय गजेंद्र,

'प्रिय' लिहाले हात होत नव्हता. बाबा बाजूले बसून आहेत, ते म्हणे लिह, म्हणून लिहिलं. फोन तू उचलत नाही, मेसेज उघडत नाही. चिठ्ठी फाडशील, पण फाडाच्या आधी वाचशील तरी.

आधी मशिनीचं सांगतो. बाबाच्या छातीचं दुखणं निघालं तवा डॉक्टरनं रक्त पातळ व्हायची गोळी सुरू केली, अन् त्याच हप्त्यात सलूनवाल्या सुखरामचा वस्तरा त्याईच्या हनुवटीले लागला. एवढुसं खरचटलं, पण रक्त थांबेचना, गमछा भिजला. डॉक्टर म्हणे पातं बंद, बिजलीवरची दाढीची मशीन आणा.

आणली. पह्यली सगळ्यात सस्ती. ते केस कापेच ना, नुसते पकडून ओढे. बाबाच्या डोळ्याले पाणी आलं. दुसरी गोल फिरणाऱ्या तीन डोक्यांची, दुकानदारानं नवीकोरी म्हणून गळ्यात मारली. घरी झाकण उघडून पाह्यतो त अंदर कोणाचे तरी काळे केस अन् कातडीचा भुसा चिकटलेला! शी! कोण्या परक्याच्या थोबाडावरची घाण मी आपल्या बापाच्या गालाले लावणार होतो. वापस कराले गेलो त दुकानदार मलेच म्हणे, धो लेना भैया.

तिसऱ्या खेपेले डोकं लावलं. म्हाताऱ्याच्या लोंबत्या गालाले गोल डोकं कामाचं नाही, कातडी अंदर ओढते. सपाट जाळीची मशीन पाह्यजे, गाल कोरडा पाह्यजे, अन् एका हातानं ताणून धराले पाह्यजे. तशी भेटली, अन् आपल्याले झेपंल अशा भावात भेटली. पण आता भरवसा कोणाचा धरावा? म्हटलं बाबाले लावाच्या आधी आपल्याच तोंडावर फिरवून पाहू. तिच्या पाठीमांगं कल्ले कापाचं एक छोटं पातं असते, ते कवा उघडलं समजलंच नाही. अर्धी मिशी साफ! मग उरलेलीही काढून टाकली.

बाप जिवंत असून मिशी काढणं म्हणजे आपल्या इकडं काय होते, हे तुले मी सांगावं काय? त्या दिवाळीत तू नागपूरहून सफाचट होऊन आलता, अन् बाबानं दारातच विचारलं, मी मेलो काय रे? तू उलट्या पायानं गेला तो आजवर आला नाही.

सकाळी दूध आणाले निघालो. जो तो खांद्यावर हात ठेवून पुढं जाये. मी म्हटलं आज काहून एवढं प्रेम उतू चाललं! घरी येतो त शेजारची गोदाबाई ओट्यावर बसून रडून राह्यली, अन् अंदरून बाबा विचारून राह्यले, कोण गेलं बाई? तुह्या मंजुषावहिनीले हसावं का रडावं समजेना. मंजुषानं गोदाबाईले चहा पाजून धाडलं, पण त्या बाईनं आधीच उकवा गावाले आपल्या आत्याले फोन लावलता. आत्यानं तुले लावला असंल.

मग मंजुषाच्या मोबाइलवर तुहा फोटो आला. भादरलेलं डोकं, खाली लिहिलेलं, 'बाबा गेले'. खरं सांगतो गजेंद्र, त्या मशिनीतल्या घाणीची आली नव्हती एवढी किळस मले तुही आली. कवा गेले, कसे गेले, खांदा कोणं देला, एका शब्दानं विचारलं नाही. आम्ही तुले न सांगता उरकलं असं वाटलं असंल, त भांडाले तरी याचं होतं! तू तिथंच बसून डोकं केलं अन् दुनियेले दाखवलं. थू तुह्यावर!

बाबाले मी दाखवणार नव्हतो. त्याईनंच मोबाइल हातातून घेतला. मले वाटलं आता शिव्या सुरू होतीन. पण त्याईनं फोटोतल्या तुह्या डोक्यावरून बोटानं पुसलं, म्हणे कानामांगं केस राह्यले, नीट नाही केलं कोणं. मग म्हणे, पोट्ट्यानं माह्यासाठी केलं ना. अन् माह्या बिनमिशीच्या तोंडाकडं पाहून त हसलेच. मिशीपाई तुले हाकलणारा हाच माणूस!

काल दाढी कराले बसलो. मशीन झकास चालली, ओढलं नाही, रक्त नाही. उजवा गाल झाला अन् बाबानं माहा हात धरला. म्हणे डावा राहू दे, गजेंद्र येऊन करंल. तवापासून तसेच बसून आहेत, एकीकडं गुळगुळीत, एकीकडं पांढरे खुंट. रस्त्यानं जाणाऱ्याले बोलावून सांगतात, लहाना येऊन राह्यला, अर्धी त्याची आहे. मी मशीन चार्जिंगले लावून ठेवली. ये.

तुहाच, राग न गेलेला,
खेमराजदादा