नातीचा पेशंट

गुरुजी, तुमच्या स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आज सकाळपासून कानात घुमतो आहे. फस्‌, फस्‌, फस्‌. रनाळ्यातल्या त्या एका खोलीत, शाळा भरायच्या आधी, तुम्ही उकिडवे बसून पंप मारायचात आणि त्याच ठेक्यावर कवितेची ओळ म्हणायचात. एक ओळ तुमची, एक आमची. ज्योत निळी झाली की कविता थांबायची आणि चहाचं आधण चढायचं. त्या ओळींतलं निम्मंसुद्धा आम्हाला कळत नसे. आमची घरची भाषा अहिराणी. पुस्तकातली मराठी म्हणजे दारात आलेला परका पाहुणा, त्याच्याशी बोलायचं कसं आणि त्याला बसवायचं कुठे, हेच उमजत नसे. तुम्ही म्हणायचात, "अर्थ मागाहून येतो रे, आधी तोंडाला सवय होऊ दे."

तुम्ही हसाल, पण मी सध्या रशियन शिकतो आहे. नंदुरबारच्या घरात, खिडकीपाशी बसून, मोबाइलमधली बाई बोलते तसं तिच्यामागून म्हणतो. शेजारचे शेटजी कुंपणावरून विचारतात, "काय हो नाना, यमराज रशियन बोलतो का? एवढी तयारी चाललीय ती?" मी म्हणतो, "बोलत असेल तर तुमच्याबद्दलही दोन शब्द टाकीन." त्यांना खरं सांगत नाही.

खरं असं, की माझी नात तिकडे रशियात डॉक्टरकी शिकते. पहिली वर्षं बरी गेली, कारण शिकवणं इंग्रजीत होतं. मग वॉर्डात जायची वेळ आली आणि तिथले आजारी लोक रशियनच बोलणार, दुसरं काय बोलणार? एक म्हातारा तिला काही सांगत होता. तिला ते कळेना. शेवटी त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या संध्याकाळी फोनवर ती मला म्हणाली, "नाना, मन्ही जीभच चालत नही आठे." लहानपणी दिवसभर बडबडणारी पोर ती, मोरीत पाय धुताना नळाशीसुद्धा बोलायची. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, नवापूरला कोंबडीखाद्याच्या दुकानात असतो, रविवारी घरी येतो. तो म्हणाला, "यंदाच्या तोंडी परीक्षेत नापास झाली तर मी तिला परत आणतो. इथं बी.एस्सी. करू दे. रडत रडत कोणी डॉक्टर होतं का?" टीव्हीवर युद्धाच्या बातम्यांत त्या देशाचं नाव आलं की तो आवाज बंद करतो. त्याला दोष कसा देऊ? मी एवढंच म्हणालो, एकदा बसू दे तिला.

आणि मग मी तिचा पेशंट झालो. रोज संध्याकाळी ती मोबाइलवर दिसते, पांढरा कोट घालून, आणि मी खाटेवर आडवा होतो. ती रशियनमध्ये विचारते, काय होतंय. मी माझ्याजवळच्या पाचपन्नास शब्दांत कण्हतो. पोटाला ते 'झिवोत' म्हणतात, डोक्याला 'गलावा'. पहिल्याच दिवशी मी घाईत डोकं पोटात दुखत असल्याचं सांगितलं. ती अशी हसली, की मोबाइल तिच्या हातातून पडला आणि मला नुसतं छत दिसत राहिलं. कित्येक महिन्यांनी ऐकलं ते हसू. छताकडे बघत मीही हसत होतो.

तेव्हा मला तुम्ही आठवलात. तुम्ही कोकणातले. आमच्या भाकरीशी तुमची दोस्ती व्हायला वेळ लागला. एकदा डबा उघडून तुम्ही वर्गाला म्हणालात, "माले भाकरी खाई ऱ्हायनी." अख्खा वर्ग बाकांवर लोळला. "गुरुजी, भाकरी तुमले नही खाई ऱ्हायनी, तुम्ही भाकरी खाई ऱ्हायनात!" तुम्ही निरागसपणे विचारलंत, "हो का? मग पुस्तकी भाषेत कसं म्हणाल?" आणि सांगण्यासाठी चाळीस हात वर. रोज असंच काहीतरी. आम्हाला वाटायचं, गुरुजी कवितेत हुशार, पण अहिराणीत पार ढ.

मग तो दिवस. सातपुड्यातून आलेला एक मुलगा वर्गात नवा होता, घरी पावरी बोलणारा. तो वाचायला उभा राहिला आणि पहिल्याच ओळीत अडखळला. वर्ग हसला. तुम्ही कधी आवाज चढवत नसायचात, त्या दिवशी चढवलात. "हसायचं तर माझ्यावर हसा. मी त्यासाठीच उभा आहे इथे." मग त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिलात आणि ती ओळ त्याच्याबरोबर म्हणालात, त्याच्या गतीनं, त्याच्या अडखळण्यासकट. गुरुजी, त्या वाक्याचा अर्थ मला आत्ता आत्ता, खाटेवर आडवा पडून कण्हताना कळला. तुम्हाला अहिराणी येत होती. चांगली येत होती.

तुम्ही मुद्दाम चुकायचात. मला मात्र रशियन खरंच येत नाही.

पण माझ्या एका खोडीचा तिला उपयोग झाला. आपल्याकडचा माणूस डॉक्टरपुढे बसला की दुखणं लगेच कुठे सांगतो? आधी गाडीला गर्दी किती होती ते सांगेल, मग म्हैस आटली ते, मग लेकीच्या सासरचं, आणि उठता उठता दाराशी जाऊन, "आन् हाई छातीमा जरासं दुखस." मीही तसाच पेशंट. दुखण्याआधी मी मिरचीचं पीक सांगायचो, शब्द नसला तर हातवाऱ्यांनी. ती चिडायची, "नाना, तिकडली माणसं असं नही करतस! मुद्द्याचं बोला!" आणि मागच्या आठवड्यात वॉर्डातून आली ती थेट मोबाइलवर. खेड्यातली एक म्हातारी आली होती. बटाट्यांचं बोलली, कोंबड्यांचं बोलली, शहरात गेलेल्या मुलाचं बोलली. बरोबरीची मुलं घड्याळं बघत निघून गेली. ही बसून राहिली, समजेल तिथे मान हलवत. अगदी शेवटी म्हातारीनं पदराआड झाकावं तसा हात शालीखाली घेऊन छातीतली गाठ दाखवली. नात म्हणाली, "नाना, ती तुमच्यासारखीच शे हो." कोणी मला विचारलं, की परकी भाषा कशाला शिकायची, तर मी ही म्हातारी सांगेन. दुसरं कारण माझ्यापाशी नाही.

आज तिची परीक्षा आहे. अनोळखी पेशंटशी तिनं रशियनमध्ये बोलायचं आणि परीक्षक ऐकणार. सकाळी तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाज इतका बारीक होता, की मी तिला धीर द्यायला रशियन शब्द शोधू लागलो आणि एकही सापडेना. शेवटी विचारलं, "जेवनीस का बेटा?" ती हो म्हणाली, पण ते खरं वाटलं नाही. तेव्हापासून मी चारदा पाणी प्यायलो, देवापुढचा दिवा दोनदा लावला. दुपार झाली, आणि मी फोन बंद करून धान्याच्या कोठीवर ठेवून दिला आहे. बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारण्यात माझी सारी नोकरी सरली. उशीर, रद्द, अपघात, सगळं स्वच्छ आवाजात लोकांना सांगितलं. ऐकायची वेळ माझ्यावर आली तेव्हा हे असं. म्हणून तुम्हाला लिहीत बसलो. हे पाठवायचं कुठे? तुम्ही आता नाही, आणि तुमच्या गावी तुम्हाला ओळखणारंही कोणी उरलं नसेल.

दाराची कडी वाजली, म्हणून उठलो होतो. आता पुन्हा बसून लिहितो आहे.

दारात मुलगा. कामाच्या दिवशी, भर दुपारी, नवापूरहून. शर्टाला खाद्याचा भुसा तसाच.

"नाना, फोन का बंद करी ठेवा?"

मी कोठीवरचा फोन घ्यायला वळलो, तोच तो म्हणाला,

"तिन्हा फोन ऊना व्हता. पास व्हयनी." आणि हा बाप्या, तिला परत आणायला निघालेला, उंबऱ्यावरच मटकन बसला आणि बाहीनं डोळे पुसू लागला. "तुम्हले सांगाले पळत ऊनू."

मी त्याला पाणी दिलं. तोंड गोड करायला गूळ दिला. आता तो आत मोठमोठ्यानं सगळ्या नातेवाइकांना फोन करतो आहे. मला आनंद झाला आहे, गुरुजी, खूप झाला आहे. फक्त तुम्हाला म्हणून सांगतो: ती नापास झाली असती तर पुढच्या महिन्यात घरी आली असती, हे सकाळपासून मनात होतं, आणि पास झाल्याचं ऐकताच सगळ्यांत आधी जे आत हललं, ते दुःख होतं.