खोक्यातलं सोपट

इंटरनॅशनल सिटी, दुबई
१२ ऑक्टोबर २०२४

प्रिय सिसिलबाय हिस,

फिलूचा स. न. वि. वि. देवाच्या दयेने आम्ही इथे उभे आहोत, तुम्ही तिथे बरे असाल असं धरून चालते.

पत्र बघून हसू नको. सातवीत शाळा सोडली त्यानंतर एवढं लांबडं आजच लिहितेय, तेही टेसाच्या वहीचं पान फाडून. फोनवर बोलायची सोय तू ठेवलीस कुठे? फोन तुझ्या नवऱ्याच्या, क्रिस्टोफरच्या हातात, स्पीकर चालू, आणि समोर आपली सासू, आय, मांडी घालून. मेसेज टाकला तर तो मोठ्याने वाचून दाखवतो, जसा काय चर्चमध्ये मिस्साला वाचन करतोय. म्हणून हे रास अल खैमाच्या फरशीच्या कारखान्यातल्या, सुट्टीवर गावी निघालेल्या लुद्दीनच्या बॅगेतून पाठवतेय. वाच आणि न्हाणीच्या चुलीत घाल.

अल बर्शाचं घर सोडलं. ॲल्फ्रेडच्या हॉटेलने बँक्वेटची माणसं काढून टाकली. इतकी वर्षं ट्रे उचलले, एक दिवस म्हणाले खलास. आता तो एका केटरिंगवाल्याकडे लागलाय. पगार निम्मा, तोही इन्शाल्ला. त्या शब्दाचा अर्थ इथे काय होतो ते तुला वेगळ्या पत्रात सांगीन. आम्ही तिघं एका खोलीत. दुसऱ्या खोलीत लखनौची शहनाझ आणि तिचा नवरा रफिक. किचन एक, बाथरूम एक. सकाळी मी बादली घेऊन दाराशी उभी, गावच्या नळावर उभी राहायचे तशीच. याच्यासाठी विमानात बसले होते! भाजी घेताना मी म्हणते, चार दिरहमची भेंडी म्हणजे नव्वद रुपये झाले, तर टेसा म्हणते, मम्मी प्लीज, डोन्ट कन्व्हर्ट. कन्व्हर्ट केलं की म्हणे घास घशाखाली जात नाही.

आता मुद्दा ऐक. यंदा नाताळचं खोकं येणार नाही. भरायला काही नाही, कार्गोवाल्याला द्यायलाही नाही. आय ते पडवीत मांडून, आळीतल्या बायका गोळा करून, टेप कापते. आलं नाही तर ती ॲल्फ्रेडला विचारणार. ॲल्फ्रेडला जगाशी खोटं बोलता येतं, आईशी येत नाही. तो रडेल. ती म्हणेल, ये रे बाबा घरी. आणि हा पन्नाशीचा घोडा तिथल्या तिथे बॅग भरेल. मग टेसाचं काय? ती बारावीला आहे. फेब्रुवारीत बोर्ड सुरू, मार्चअखेर संपतं. मधूनच उचलली तर वर्ष गेलं. मला शाळेतून काढून बाजारात भाजीच्या पाटीमागे बसवलं तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. हिच्या वेळेला मी करणार. पोरीचे पेपर होईपर्यंत आयला काही कळता कामा नये, एवढंच मागणं.

तर तू असं कर. मागच्या वर्षीचं खोकं घरात असेलच. स्टेशनजवळ बाहेरचा माल विकणारं दुकान आहे, तिथून साबण, दुधाची पावडर, बदाम असलं काहीबाही आण. लुद्दीनकडे थोडे पैसे दिलेत, कमी पडले तर तू थोरली आहेस. खोकं भर, टेप लाव, कार्गोवाला टाकून गेला म्हणून सांग.

राग तुझ्यावर नाही, पण काढणार तुझ्यावरच. माया आटवू नको.

तुझी,
फिलू

भुईगाव, वसई
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय फिलू हिस,

सिसिलचे अनेक आशीर्वाद. शाळेत एका बाकावर बसलो असू, पण थोरल्या भावाशी लग्न मी केलं, तेव्हा आशीर्वाद मीच देणार. इथे सर्व क्षेम, तुमची खुशाली रोज मागते.

तुझं पत्र चुलीत घातलं आणि मग आठवलं की बदाम किती आणायचे ते त्यात वाचायचं राहिलं. तू लिहिलंच नव्हतंस, असं मी आता मानून चालले आहे.

खोकं आहे, पण त्यात कोंबडी अंड्यांवर बसली आहे. ॲल्फ्रेडच्या हातचं नाव अजून ठळक दिसतं, तेवढं बरं. मी आमच्या ह्यांना सांगितलेलं नाही. त्यांच्या पोटात पाणी राहत नाही, गुपित काय राहणार. आय रोज तिन्हीसांजेला विचारते, खोकं निघालं का. शेजारच्या मनोरमाला हाताला लावायचं क्रीमही कबूल करून बसली आहे. सणाच्या तोंडावर तिच्याशी खोटं बोलायचं म्हणजे फादरांसमोर गुडघे मलाच टेकावे लागणार, ते तुझ्या नावावर लिही.

एकदाच विचारते, पुन्हा विचारणार नाही. तिथे बादली घेऊन उभं राहण्यापेक्षा इकडे या ना. तांदूळ आहे, तुमची खोली आहे, मागे केळी आहेत. टेसा इथेही शिकेल.

लुद्दीन परत निघाला आहे, म्हणून आवरते. खोकं कसं भरायचं ते नीट कळव, मी कधी दुबईला गेले नाही. जीवाला जपा आणि आमची आठवण पातळ होऊ देऊ नका.

तुझी थोरली जाऊ,
सिसिल

इंटरनॅशनल सिटी, दुबई
१ डिसेंबर २०२४

प्रिय सिसिलबाय हिस,

फिलूचा स. न. वि. वि. आधी कोंबडीला उठव. मग पुढचं वाच.

या म्हणालीस, चांगलं केलंस, पण आता पुन्हा म्हणालीस तर बघ. बारावीचं पोर म्हणजे काय केळीचा मुनवा आहे, इकडून उपटला, तिकडे लावला? इथलं पुस्तक वेगळं, तिथलं वेगळं. खोलीत बाप झोपला की उजेड नाही, उजेड असला की शहनाझचा टीव्ही. म्हणून टेसा ड्रॅगन मार्टच्या खाण्याच्या जागेत जाऊन बसते. एक चहा घेते आणि तो संपवत नाही, संपला की उठावं लागतं. त्या गारढोण चहावर पोरगी शिकतेय. तिला मी मधेच उठवू?

शहनाझ वाईट नाही. पण माझ्या बोंबलाला नाक मुरडते आणि तिच्या गरम मसाल्याने माझ्या उशीला वास येतो. परवा भांडलो. मग तिनेच बिर्याणी आणून दिली. आता रागावून बसायचीसुद्धा पंचाईत.

आता तुझ्या दिराचं ऐक. मी बजावलं होतं, कुणाला काही घ्यायचं नाही. हा ड्यूटीवरून आला तो हातात सेंटची बाटली. आईला दर नाताळला मिस्साला लावायला लागतं म्हणे. त्याचे काळे बूट फाटलेत, बोट बाहेर येतं, आणि सेंट! मी एवढी बोलले की भिंतीपलीकडून रफिकने टीव्ही बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. ॲल्फ्रेडला वाटतं की खोकं मीच इथून पाठवलं. तसंच वाटू दे.

ती बाटली आमच्या चर्चमधल्या एलिशाकडे देतेय, ती सुट्टीवर निघाली आहे. खोक्यात तीच एक खरी दुबईची वस्तू. काच आहे, नीट गुंडाळ, तळाशी घाल. साबणावरच्या रुपयांच्या किमती खरवडून काढ. वाण्याची पिशवी, पेपर, असलं काहीही आत राहता कामा नये. टेप भरपूर मार, कार्गोवाले कंजुषी करत नाहीत.

आणि आय टेप कापताना तोंड पाडून उभी राहू नको. शाळेत पेरू चोरले तेव्हा तुझ्या तोंडामुळेच पकडलो होतो.

तुझ्या जीवावर उडी मारली आहे, झेल.

तुझी,
फिलू

भुईगाव, वसई
२७ डिसेंबर २०२४

प्रिय फिलू हिस,

सिसिलचे आशीर्वाद आणि त्याच्या आधी माफी. बसून वाच.

खोकं सणाच्या आदल्या रविवारी पडवीत ठेवलं. आय नवं लुगडं नेसून बसली. आळी भरली. साबण निघाले, हातोहात फिरले, प्रत्येकीने नाकाला लावले. क्रीम मनोरमाला मिळालं. बदाम निघाले तेव्हा मनोरमा म्हणाली, यंदाचे बदाम आपल्या बाजारातल्यासारखेच दिसतात. आय म्हणाली, मग काय दुबईच्या बदामाला शिंगं फुटतात? सगळ्या हसल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग आयने तळाशी हात घातला आणि ती थांबली.

फिलू, तू म्हणालीस काच आहे, नीट गुंडाळ. किमती मी खरवडल्या, पेपर ठेवला नाही, पिशवी ठेवली नाही. पण बाटली हातात आल्यावर पाय आपोआप मागच्या दारी गेले. केळीच्या खोडावरचं सुकलेलं सोपट ओढलं, बाटली त्यात बांधली आणि वरून सोपटाच्याच दोरीने गाठ मारली. आपण अंडी बांधतो, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी बांधतो, तशी. ही गाठ मला या घरात आल्यावर आयनेच शिकवली. दुबईहून आलेल्या खोक्यात आपल्याच वाडीतलं सोपट! टेप लावतानाही माझ्या डोक्यात आलं नाही.

आयने आतल्या आत गाठ सोडली. बाटली बाहेर आली ती उघडी. सोपट मुठीत, मूठ लुगड्याखाली. मनोरमाने विचारलंच, ते काय गं. आय म्हणाली, दुबईचा कागद, चुरगळलाय. मग सगळ्यांच्या मनगटाला सेंट लावलं, करंज्या दिल्या, माझा ॲल्फ्रेड कधी विसरत नाही असंही म्हणाली.

बायका गेल्यावर ती आत आली. सोपट ओट्यावर ठेवलं आणि विचारलं, दुबईत आता केळी पण लावतात का गं? माझं तोंड तुला माहीत आहे. सगळं सांगून टाकलं. हॉटेल, एक खोली, बादली, टेसाचं बोर्ड. ती मागच्या दारी जाऊन केळींत उभी राहिली. सणाच्या रात्री मिस्साला ते सेंट लावूनच आली.

काल क्रिस्टोफरला म्हणाली, सणाची गडबड सरली की ॲल्फ्रेडला फोन लावून दे, मला बोलायचं आहे. काय बोलणार ते विचारायची माझी छाती नाही. लुद्दीनची बायको त्याच्याकडे निघाली आहे, तिच्याबरोबर हे पाठवते, निदान फोनआधी तुला कळावं.

ओरड, पण तोडू नको.

तुझी,
सिसिल

इंटरनॅशनल सिटी, दुबई
५ जानेवारी २०२५

सिसिल,

आज बाय नाही, प्रिय नाही, नमस्कार तुझ्या सोपटाला.

तुझ्या डोक्यात भेजा आहे की केळीचा गाभा? घरात जुने टॉवेल नव्हते? दर वर्षी मी काचेभोवती हॉटेलचे टॉवेल गुंडाळून पाठवते ते काय झाले, पुरून ठेवलेस? सगळं निभावलं आणि शेवटी गाठ मारलीस ती माझ्याच गळ्याला. आता फोन वाजला की माझ्या हातातलं लाटणं थांबतं. ॲल्फ्रेडला काही माहीत नाही. आईचा फोन आला नाही म्हणून तोच कुरकुरतोय. बॅग पलंगाखाली आहे, मी येताजाता तिला पायाने आत ढकलते. टेसाला मी काय सांगू, गाठ चुकली म्हणून तुझं वर्ष

२० जानेवारी

वरचं तसंच राहिलं, न्यायला माणूसही मिळाला नाही. खोडत नाही. तेवढं बोलणं तू खायलाच हवंस.

फोन आला गेल्या रविवारी. खोली एवढीशी, स्पीकर नसला तरी सगळं ऐकू येतं. आयने नोकरीचं विचारलं नाही, पैशाचं विचारलं नाही. खोकं मिळालं, सेंट चांगलं आहे म्हणाली. मग एकदम चढ्या आवाजात म्हणाली की घराच्या कौलांचं काम काढलंय, सगळीकडे धूळ आहे, एप्रिलच्या आधी तुम्ही कुणी इकडे पाय ठेवायचा नाही, आलात तर पडवीतूनच परत पाठवीन, आणि टेसाचे पेपर झाल्याशिवाय मला तोंड दाखवायचं नाही.

ॲल्फ्रेडने फोन ठेवला. म्हणाला, आईला आपण नको झालो. माझे डोळे भरले. शहनाझ कांदा चिरत नव्हती, तरी मी कांद्यावर ढकललं.

अगं, कौलं! घरावर स्लॅब पडून किती वर्षं झाली, ह्यानेच पाइपने पाणी मारलं होतं. आणि हा शहाणा दिवसभर कौलांचीच काळजी करत बसला.

परवा एलिशा आली ती खोकं घेऊन. तेच खोकं. ॲल्फ्रेडचं अक्षर तसंच, फक्त खाली मोठा बाण उलटा काढलेला, वसईहून दुबईकडे. आयने निरोप दिला होता की खोकं माणसं बोलावून उघडायचं, चोरून उघडलं तर बरकत नसते. मग काय, किचनच्या दाराशी मांडलं. रफिक, शहनाझ, एलिशा, सगळे उभे. सुकट निघाली, बोंबील निघाले, मसाला, तांदळाचं पीठ, सोपटात बांधलेली सुकेळी. शहनाझ बोंबलाला नाक मुरडायला लागली, तेवढ्यात मी तिच्या तोंडात सुकेळं कोंबलं. गप्प झाली. नंतर दुसरं मागितलं.

तळाशी हॉटेलचा टॉवेल, मी कधीतरी पाठवलेला, धुऊन घडी केलेला. त्यात ती सेंटची बाटली, जेमतेम दोन बोटं कमी. एलिशा म्हणाली, आयने सांगितलंय, टेसा पेपरला जाईल तेव्हा रुमालाला लावायचं.

ॲल्फ्रेड खोक्याकडे बघत राहिला. टॉवेल उलटापालटा करत म्हणाला, फिले, घरावर कौलं कुठे आहेत? मी म्हटलं, यल्ला, चला, पेटली एकदाची ट्यूब. मग तो खाली बसला आणि सुकेळ्यांच्या गाठी एकेक सोडवत राहिला, एकही न तोडता. बॅगेला हात लावला नाही. आज तिच्यावर टेसाची पुस्तकं रचली आहेत.

टेसा आता चहा न घेता मार्टमध्ये बसते, रुमालात सुकेळं नेते. ऑसम आहे म्हणते.

आयला सांग, सोपट मी फेकलेलं नाही. पोरीचे पेपर झाले की मी खोकं भरणार आहे, काय मिळेल ते, आणि काच असली तर याच सोपटात बांधणार आहे. गाठ कशी मारायची ते तेवढं लिहून पाठव, मी विसरले.

शिव्या परत घेत नाही. तू मात्र माया परत घेऊ नको.

तुझीच,
फिलू